वादळांना नावे, महापुराला फक्त साल

हवामानाच्या नोंदींत २०१९ हे अरबी समुद्राचे वर्ष आहे. भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत मिळून त्या वर्षी आठ चक्रीवादळे झाली आणि त्यांतली पाच एकट्या अरबी समुद्रात. एरवी इथे वर्षाला सरासरी एक वादळ होते. पाचाचा आकडा त्याआधी फक्त १९०२ मध्ये गाठल्याची नोंद आहे. वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन ही त्या पाचांची नावे. पलीकडे बंगालच्या उपसागरात फनी आणि बुलबुल झाली, तर जानेवारीतले पाबुक थायलंडच्या आखातातून अंदमानच्या समुद्रात उतरले होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात त्याच वर्षाची आठवण काढली तर यांतले एकही नाव कुणाच्या तोंडी येत नाही. लोक म्हणतात, ‘एकोणीसचा पूर’. ज्या पाण्याने वेदगंगाकाठची घरे पाडली, ऊस कुजवला आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग यमगर्णीजवळ बंद पाडला, त्याला हवामान विभागाने नाव दिले नव्हते. त्याच्या नियमात ते बसतही नव्हते. वादळांना नावे देण्याची पद्धत कशी घडली, तिच्यामुळे किती जीव वाचले आणि सह्याद्रीच्या या बाजूला राहणाऱ्यांना ती कुठे अपुरी पडते, हे पाहायला २०१९ चा हंगाम फार उपयोगी आहे.

त्या वर्षाची सुरुवातच कोरडी झाली. मे महिन्यात अथणी-चिकोडीकडे कृष्णेच्या पात्रात वाळू दिसत होती आणि कर्नाटक कोयनेचे पाणी सोडण्याची विनंती महाराष्ट्राकडे करत होते. सगळ्यांची भिस्त मृगावर होती. मोसमी वारे ८ जूनला केरळात पोहोचले, म्हणजे आधीच आठवडाभर उशिरा. लगेच दोन दिवसांत अरबी समुद्रात ‘वायू’ची जमवाजमव सुरू झाली. मोठे चक्रीवादळ आपल्या भोवतीची ओलसर हवा स्वतःकडे ओढून घेते. किनाऱ्यावर सरळ चढणारा नैर्ऋत्य वारा त्याच्या मागे वळतो आणि मोसमी पावसाची वाटचाल खोळंबते. गुजरातेत सुमारे तीन लाख माणसे सुरक्षित ठिकाणी हलवली गेली. वादळ वेरावळजवळून किनाऱ्याला घासून समुद्रातच विरले आणि मोठी हानी टळली. इकडे मात्र मृग बराचसा कोरडा गेला, पेरण्या लांबल्या. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचायला २५ जून उजाडला. चार वर्षांनी, २०२३ च्या जूनमध्ये ‘बिपरजॉय’ने हेच पुन्हा घडवले. ते १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकले आणि बेळगाव शहराचे डोळे महिनाभर राकसकोप जलाशयाच्या पाणीपातळीकडे लागून राहिले. अरबी समुद्रातले नाव असलेले वादळ आपल्या भागात येते ते बहुधा असे, पाऊस अडवणारे म्हणून.

आता नावांकडे वळू. वादळाला माणसाचे नाव देण्याची चाल ऑस्ट्रेलियातल्या क्लेमेंट रॅग या हवामानतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाडली. न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावेही तो वादळांना देई. अमेरिकेने १९५३ पासून अटलांटिकच्या वादळांना बायकांची नावे द्यायला सुरुवात केली. त्यावर रास्त आक्षेप आले आणि १९७९ पासून पुरुषांची नावेही आली. तिथे सहा वर्षांच्या सहा याद्या फिरत राहतात. २०१९ ची यादी २०२५ मध्ये पुन्हा निघाली. कतरिनासारखे संहारक वादळ झाले की ते नाव कायमचे बाद करतात. २००५ मध्ये एकवीस नावांची यादी संपली आणि ग्रीक अक्षरे वापरावी लागली. २०२० मध्ये वादळांची संख्या तीसवर गेली, तेव्हा पुन्हा तीच वेळ आली. ग्रीक अक्षरांमुळे लोकांचा गोंधळ होतो, म्हणून जागतिक हवामान संघटनेने २०२१ मध्ये ती प्रथा बंद केली.

आपल्याकडे हे सगळे फार उशिरा आले. १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसे घेणाऱ्या महाचक्रीवादळाला नावच नव्हते. २००० मध्ये मस्कतला बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राभोवतीच्या देशांचे मंडळ भरले, तिथे नावे देण्यावर एकमत झाले. बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका आणि थायलंड या आठ देशांनी प्रत्येकी आठ, अशी चौसष्ट नावे दिली. पहिले नाव, बांगलादेशाचे ‘ओनिल’, २००४ मध्ये गुजरातजवळच्या वादळाला मिळाले. देशांची क्रमवारी इंग्रजी वर्णमालेप्रमाणे आणि नाव एकदाच वापरायचे, असा इथला नियम. कुठले वादळ कुठे आपटणार हे यादीला माहीत नसते. म्हणून २००९ च्या नोव्हेंबरात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांवर कोसळलेल्या ‘फयान’चे नाव म्यानमारने दिलेले होते आणि २०२० च्या ३ जूनला रायगडात शिरलेल्या ‘निसर्ग’चे बांगलादेशाने.

चौसष्ट नावे संपायला सोळा वर्षे लागली. २०१९ हा त्या यादीचा शेवटचा रकाना. फनी बांगलादेशाचे, वायू भारताचे, हिक्का मालदीवचे, क्यार म्यानमारचे, महा ओमानचे, बुलबुल पाकिस्तानचे, पवन श्रीलंकेचे. एका वर्षात सात देशांची सात नावे सलग खर्ची पडली. थायलंडचे ‘अम्फान’ तेवढे उरले, ते २०२० च्या मे महिन्यात कोलकात्यावर गेले. त्याआधीच, २८ एप्रिल २०२० ला, नवी यादी जाहीर झाली होती. इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन यांची भर पडून देश तेरा झाले आणि नावे एकशे एकोणसत्तर. भारताच्या वाट्याला गती, तेज, मुरासू, आग, व्योम, नीर, प्रभंजन, अंबुद, जलधी, वेग अशी तेरा नावे आली.

नाव निवडण्याचे नियम साधे आणि शहाणपणाचे आहेत. ते इंग्रजीत आठ अक्षरांच्या आत असावे, उच्चाराला सोपे असावे, धर्म, राजकारण, लिंग, संस्कृती यांवरून कुणाला दुखवणारे नसावे. २०१३ मध्ये श्रीलंकेनेच सुचवलेल्या ‘महासेन’ नावावर त्याच देशात आक्षेप आला, कारण महासेन हा तिथला समृद्धी आणणारा राजा. शेवटी ते वादळ ‘वियारू’ म्हणून नोंदले गेले. यादीसोबत उच्चारही दिलेले असतात, तरी २०२१ च्या मे महिन्यातल्या म्यानमारी नावाचे आपल्या वर्तमानपत्रांत तौक्ते, ताउक्ते, तौते असे सगळे प्रकार छापून आले. तो दोष पद्धतीचा नाही. नावामुळे खरेच फरक पडला आहे. एकाच वेळी दोन वादळे समुद्रात असली तर होडीवरच्या माणसाला कोणत्या वादळाचा इशारा आपल्यासाठी आहे हे कळते. २०१९ च्या मे महिन्यात फनी पुरीला धडकण्याआधी ओडिशाने दहा लाखांहून जास्त लोक हलवले. ज्या किनाऱ्यावर १९९९ मध्ये दहा हजार गेले, तिथे या वेळी मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. त्यामागे निवारे, उपग्रह, रस्ते, प्रशासनाची मेहनत आहे. पण ज्या संकटाला नाव आहे त्याची बातमी खेड्यापर्यंत लवकर जाते, हेही तितकेच खरे.

नाव कधी मिळते? वाऱ्याने सतत ताशी ६२ किलोमीटरचा वेग गाठला की. ३१ ते ४९ किलोमीटर वेग असेल तर त्याला न्यूनदाब क्षेत्र म्हणतात, ५० ते ६१ असेल तर तीव्र न्यूनदाब क्षेत्र. या दोन्हींना नाव नाही, फक्त क्रमांक. सगळी मोजणी वाऱ्याची आहे. पाऊस किती पडेल याचा तिथे संबंध नाही. समुद्रावरच्या माणसासाठी ही कसोटी योग्यच आहे, कारण होडी बुडते ती वाऱ्याने आणि लाटेने. वेदगंगेच्या काठावर कुणी वाऱ्याने मरत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये काय झाले ते असे. जुलैच्या अखेरीपासून घाटमाथ्यावर पाऊस धरून होता. किनाऱ्याला समांतर, गुजरातपासून केरळपर्यंत, कमी दाबाचा पट्टा पसरलेला होता. त्यात उत्तर उपसागरात न्यूनदाब क्षेत्र तयार झाले आणि तीव्र होऊन ७ ऑगस्टला ओडिशात बालासोरजवळ जमिनीवर आले. बालासोर निपाणीपासून हजार किलोमीटरहून दूर. पण असे क्षेत्र मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकते तेव्हा अरबी समुद्रावरचा वारा त्याच्याकडे धावतो, वाटेत सह्याद्री आडवा येतो आणि ती सगळी ओल गगनबावडा, राधानगरी, आंबोली, कणकुंबीच्या माथ्यावर रिती होते. तिथून उतरणारे पाणी आपल्या भागातून जाते. पाटगावकडून वेदगंगा, काळम्मावाडीकडून दूधगंगा, आंबोलीतून हिरण्यकेशी, चंदगडातून घटप्रभा आणि ताम्रपर्णी, कणकुंबीतून मलप्रभा. कोयना, वारणा आणि पंचगंगेचे पाणी कृष्णेतून राजापूर बंधाऱ्यावरून येते ते वेगळेच.

त्या आठवड्यात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, यमगर्णीजवळ पाण्याखाली, मध्ये अडकलेल्या मालमोटारींच्या मैलभर रांगा. चोर्ला आणि आंबोलीच्या वाटाही धड नव्हत्या. त्यामुळे बेळगावचा भाजीपाला आणि दूध गोव्याला पोहोचेना. कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर ही नावे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतात, पाण्याखाली गेलेले बंधारे म्हणून. त्या वर्षी बंधाऱ्यांबरोबर गावेही गेली. बेळगाव शहरालगत बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारात पसरले. मार्कंडेय आणि घटप्रभेने गोकाकमध्ये वस्त्या बुडवल्या. खाली अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले. कर्नाटकात तेव्हा मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांना शपथ घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि त्यांच्या मंत्रिमंडळात दुसरा एकही मंत्री नव्हता.

एवढ्या मोठ्या आपत्तीची नोंद हवामानाच्या दफ्तरात बंगालच्या उपसागरातले त्या वर्षीचे, फक्त क्रमांक असलेले एक तीव्र न्यूनदाब क्षेत्र, एवढीच आहे. २००९ च्या सप्टेंबरअखेरीस उत्तर कर्नाटकात जो पूर आला त्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यालाही नाव नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण बुडाले, तळिये गाव दरडीखाली गेले आणि यमगर्णीजवळ महामार्ग पुन्हा बंद झाला. त्यालाही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत गेले होते. त्याने कोकणात आंबा-काजूच्या बागा आडव्या केल्या, मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगार गेले. खानापूर-बेळगावात झाडे पडली, वीज गेली, एक-दोन दिवसांत गाडी रुळावर आली. आपल्या आठवणीत त्या वर्षाचे नाव कोरले गेले ते जुलैच्या पाण्यामुळे.

या विसंगतीचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण ऑगस्ट २०२४ मधले आहे. बंगालकडून आलेले तीव्र न्यूनदाब क्षेत्र जमिनीवरून चालत गुजरातेत पोहोचले, विश्वामित्री नदी वडोदऱ्यात शिरली, शहराचे मोठे भाग पाण्यात गेले. तोवर त्याला नाव नव्हते. मग ते कच्छवरून समुद्रात उतरले, वाऱ्याचा वेग वाढला आणि ३० ऑगस्टला त्याला ‘असना’ हे नाव मिळाले. अरबी समुद्रात ऑगस्टमधले वादळ १९७६ नंतर प्रथमच, म्हणून त्याची सर्वत्र चर्चा झाली. नाव मिळाल्यावर ते भारतापासून दूर निघून गेले.

२०१९ च्या हंगामाचा शेवट राहिलाच. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, चित्रा नक्षत्र सरत असताना, बेळगाव जिल्ह्यात पुन्हा मुसळधार पाऊस झाला. ऑगस्टचा गाळ अजून घरांतून पुरता निघाला नव्हता, तोच मलप्रभा-घटप्रभा दुसऱ्यांदा फुगल्या. काढणीला आलेले सोयाबीन शेंगेतच मोडले, लोंबीत भरलेला भात आडवा झाला, अथणी आणि सांगलीकडच्या द्राक्षबागांत छाटणीनंतरचे कोवळे फुटवे सडले. समुद्रात तेव्हा कमी दाबाचेच क्षेत्र होते. पुढे २४ ऑक्टोबरला ते किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर न्यूनदाब क्षेत्र झाले, दुसऱ्या दिवशी त्याला ‘क्यार’ हे नाव मिळाले आणि २७ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळ झाले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रातले हे पहिलेच. देवगड-मालवणात समुद्र वस्तीत आला, परप्रांतांतल्या होड्याही कोकणच्या बंदरांत आश्रयाला आल्या. मग ते ओमानच्या दिशेने वळले. ते समुद्रात असतानाच लक्षद्वीपजवळ ‘महा’ उभे राहिले. अरबी समुद्रात एका वेळी दोन वादळे असणे फार दुर्मीळ. हिंदी महासागराचा पश्चिम भाग त्या वर्षी नेहमीपेक्षा कितीतरी तापलेला होता. पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाचा हा फरक नोंदींतल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी होता. त्याचा फटका पूर्व आफ्रिकेला अतिवृष्टीने बसला, ऑस्ट्रेलियाला वणव्यांनी. डिसेंबरात ‘पवन’ सोमालियावर गेले. त्या ओलीवर पोसलेल्या टोळधाडीच्या पिढ्या पुढच्या मे महिन्यात थेट विदर्भात उतरल्या.

मग न्यूनदाब क्षेत्रांनाही नावे द्यावीत का? जगात तसा विचार झालेला आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यांनी २०१५ पासून वादळांना नावे देताना परिणाम ही कसोटी ठेवली. पावसामुळे मोठे नुकसान होणार असेल तरी तिथे नाव मिळते. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने २०२२ मध्ये उष्णतेच्या लाटेला ‘झोए’ असे नाव दिले. आपल्याकडे मात्र हा मार्ग फारसा कामाचा नाही, असे माझे मत आहे. पावसाळ्यात उपसागरात न्यूनदाब क्षेत्रे एकामागून एक होतात. त्यांतल्या अनेकांचा पाऊस शेतकऱ्याला हवाच असतो. प्रत्येकाला नाव दिले तर नावाची भीतीच ओसरेल आणि फनीच्या वेळी ज्या ताकदीने लोक उठले ती ताकद हरवेल. शिवाय आपला महापूर एका क्षेत्रामुळे येत नाही. आठ-दहा दिवस धरलेला पाऊस, भरलेली धरणे, किनाऱ्यावरचा पट्टा आणि शेवटी उपसागरातला जोर, असे सगळे एकत्र यावे लागते.

आपल्या जुन्या माणसांनी पावसाला नावे दिलीच होती, ती काळावरून. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. पंचांगातले वाहन बेडूक आहे की म्हैस यावर अंदाज बांधायचा. तो अंदाज शास्त्राला धरून नव्हता. पण कोणत्या नक्षत्रात कोणत्या पिकाला किती पाणी सोसते याची नेमकी जाण त्या नावांमागे होती. आश्लेषातला पाऊस नदीकाठाला धोक्याचा आणि चित्रा-स्वातीतला काढणीला मारक, हे २०१९ ने दोन्ही अंगांनी दाखवले. इशाऱ्याचा संबंध ऐकणाऱ्याच्या शेताशी असला पाहिजे, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

आजचा इशारा तसा आहे का? हवामान विभागाच्या नकाशात कोल्हापूर मध्य महाराष्ट्रात, गोवा कोकण-गोव्यात आणि बेळगाव उत्तर अंतर्गत कर्नाटकात येते. एकाच डोंगरावर पडणारा पाऊस तीन उपविभागांत वाटला जातो आणि त्याची माहिती मुंबई, पणजी, बेंगळुरू अशा तीन ठिकाणांहून येते. त्यात बेळगाव जिल्हा हा असा की कणकुंबीला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि अथणीला पाच-सहाशे. या दोघांना मिळून एकच नारिंगी इशारा दिला तर त्याचा अर्थ कणकुंबीकराने काय लावायचा आणि अथणीकराने काय? शिवाय अथणीत पूर येतो तो अथणीत पाऊस न पडताही. कर्नाटकाच्या आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायतींत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत, ‘वरुणमित्र’ ही दूरध्वनी सेवाही आहे. हे काम चांगले आहे. पण आपल्या नद्यांचे पाणी ज्या धरणांतून येते ती बरीचशी सीमेपलीकडे आहेत. म्हणून कारदग्याचा शेतकरी राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, काळम्मावाडीतून किती विसर्ग, राजापूर बंधाऱ्यावर किती क्युसेक, हे आकडे मराठी वर्तमानपत्रांतून आणि नातेवाइकांच्या फोनवरून गोळा करतो आणि पाणी केव्हा येईल याचा हिशोब स्वतः मांडतो.

२०१९ नंतर महाराष्ट्राने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सांगली-कोल्हापूरच्या महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखवले. अलमट्टीचा वाद त्यानंतरही थांबलेला नाही, ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर उंची नेण्याचा प्रश्न निघाला की तो पुन्हा पेटतो. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले आणि दोन्ही राज्यांनी पाण्याची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायची असे ठरले. महिन्याभरात जुलैचा पूर आला. अधिकाऱ्यांमध्ये आकड्यांची देवाणघेवाण २०१९ पेक्षा सुधारलेली होती. तो आकडा गावात पोहोचण्याची सोय अजून कच्ची आहे.

ती सोय कशी असावी हे सांगायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पाटगावातून आणि काळम्मावाडीतून इतका विसर्ग झाला, तर जत्राट-भिवशीवर पाणी इतक्या तासांनी, भोजच्या संगमावर इतक्या, कल्लोळला इतक्या, असा बंधारानिहाय अंदाज दोन्ही राज्यांनी मिळून काढावा. तो मराठीत आणि कन्नडमध्ये एकाच वेळी यावा, धोक्याची खूण त्या त्या गावच्या पुलावर फुटांत रंगवलेली असावी. सीमाभागातल्या नदीकाठच्या गावांत दोन्ही भाषा बोलल्या जातात आणि १९५६ पासून चाललेला सीमावाद आपल्या जागी असला तरी पुराच्या रात्री ज्याला जी भाषा लवकर समजते तीच त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. चक्रीवादळांच्या यादीसाठी तेरा देशांनी, त्यांत भारत आणि पाकिस्तान दोघेही, एका टेबलावर बसून नावे ठरवली. वेदगंगा-दूधगंगेसाठी एका देशातल्या दोन राज्यांच्या जलसंपदा खात्यांना दर पावसाळ्याआधी, मे महिन्यात, निपाणी किंवा कागलमध्ये एकत्र बसता येईल.